येवगेनी मालोलेत्का: मारिउपोलचा फोटोग्राफर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनच्या युद्धात मारिउपोल शहरातल्या हॉस्पिटलवर हल्ला झाला तेव्हाचा, स्ट्रेचरवरच्या त्या गरोदर बाईचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण तो कोणी काढला हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. आणि नाव सांगितलं की मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात, जवळपास तेच तेच. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय.

हा नक्की कोण, कुठला?

येवगेनी मालोलेत्का. जन्म १९८७, गाव बेर्द्यान्स्क, युक्रेनच्या दक्षिणेला अझोव समुद्राच्या काठावरचं, उन्हाळ्यात लोक सुट्टीला जातात तसलं बंदराचं शहर. शिकला इलेक्ट्रॉनिक्स, कीव पॉलिटेक्निकमधून २०१० साली पास झाला, पण त्याच्या आधीच म्हणजे २००९ पासून युनियान नावाच्या युक्रेनी न्यूज एजन्सीसाठी फोटो काढायला लागला होता, म्हणजे इंजिनिअरिंग करून भलतंच काहीतरी करणारी पोरं फक्त आपल्याकडेच असतात असं काही नाही. पुढे बरीच वर्षं फ्रीलान्स, आणि मुख्यतः असोसिएटेड प्रेस म्हणजे एपीसाठी काम.

युद्धाचे फोटो २०२२ पासूनच काढतोय का?

नाही हो, इथेच बऱ्याच लोकांचा घोळ होतो. युक्रेनमधलं युद्ध आपल्याकडच्या चॅनेलवर २०२२ मध्ये आलं, तिथे ते २०१४ पासून चालू आहे. २०१३-१४ च्या हिवाळ्यात कीवच्या मैदान चौकात आंदोलन झालं तिथे हा होता, मग रशियाने क्रायमिया हा दक्षिणेचा द्वीपकल्प घेतला ते, मग पूर्वेकडच्या डोनबास भागातली लढाई, हे सगळं त्याने शूट केलंय. म्हणजे मारिउपोलला गेला तेव्हा आठ वर्षांचा अनुभव गाठीशी होता, तोफगोळा कुठून येतोय आणि आपल्याकडे किती सेकंद आहेत हे आवाजावरून ओळखणारा माणूस होता तो, नवखा नव्हता.

आणि सगळंच काम युद्धाचं नाही. कार्पेथियन डोंगरात हुत्सुल नावाचे लोक राहतात, त्यांचे सण, त्यांचं रोजचं जगणं यावरही त्याचा एक मोठा प्रोजेक्ट आहे. तो जरूर शोधून बघा, कारण नुसते युद्धाचे फोटो बघून माणूस कसा बघतो ते कळत नाही.

युद्ध सुरू व्हायच्या आधीच हे लोक मारिउपोलला कसे काय पोचले? आधीच माहीत होतं का?

कोणी टिप वगैरे दिली नव्हती, नकाशा बघून काढलेला अंदाज होता. एका बाजूला क्रायमिया, दुसऱ्या बाजूला डोनबास, आणि दोन्हींच्या मध्ये अझोव समुद्रावरचं हे बंदर, म्हणजे रशियाला दोन्ही तुकडे जोडायचे तर मारिउपोल घ्यावंच लागणार. २३ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी मालोलेत्का आणि त्याचा जुना सहकारी मस्तिस्लाव चेर्नोव्ह (हा खारकीवचा, व्हिडिओ पत्रकार) मालोलेत्काच्या पांढऱ्या फोक्सवॅगन व्हॅनमधून निघाले. वाटेत त्यांना स्टेपनीची काळजी वाटायला लागली, म्हणून ऑनलाइन शोधून मध्यरात्री एका माणसाकडून टायर विकत घेतले, त्याला सांगितलं की युद्धाची तयारी करतोय तर तो यांच्याकडे वेड्यासारखा बघायला लागला, रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानातल्या कॅशियरचंही तेच. पहाटे साडेतीनला शहरात पोचले आणि तासाभरात युद्ध सुरू झालं.

यातला टायरवाला माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शहरातल्या बहुतेकांची मनःस्थिती तीच होती. मारिउपोलची लोकसंख्या चार लाख तीस हजारांच्या आसपास, पहिल्या काही दिवसांत त्यातले साधारण पाव लोक बाहेर पडले, बाकीच्यांना वाटलं काही होत नाही, आणि त्यांचं चूक होतंय हे कळेपर्यंत रस्ते बंद झाले होते.

टीममध्ये अजून कोण होतं?

वासिलिसा स्तेपानेन्को, प्रोड्यूसर, तीही खारकीवची आणि तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेली. आणि पॅरिसमध्ये बसून यांच्याकडून येणारे तुकडे जोडून बातमी लिहिणारी एपीची लॉरी हिनन्ट. श्रेय देताना ही चारही नावं एकत्र घ्यायची, एकट्या फोटोग्राफरचं काम नाहीये हे.

तो हॉस्पिटलचा फोटो नक्की कधीचा, काय झालं होतं?

९ मार्च २०२२, दुपार. मारिउपोलच्या मॅटर्निटी हॉस्पिटलवर हवाई हल्ला झाला. धुराचा लोट दिसला तसे हे तिघं तिकडे गेले. फोटोत चार-पाच जण स्ट्रेचर उचलून ढिगाऱ्यातून चालतायत, स्ट्रेचरवर गरोदर बाई, एक हात पोटाच्या खालच्या बाजूला, तिथे रक्त, खाली लालभडक नक्षीची चादर, मागे खिडक्या उडालेली इमारत आणि जळकी झाडं. उचलणाऱ्यांपैकी एकाचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. त्या चादरीचा लाल रंग सोडला तर सगळा फोटो राखाडी आहे, त्यामुळे नजर पहिल्यांदा तिथे जाते आणि मग तिच्या हातावर अडकते.

तिला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. कंबरेचं हाड चुरडलं होतं, सिझेरियन करून बाळ काढलं तर ते जिवंत नव्हतं, अर्ध्या तासाने तीही गेली. तिचं नाव लिहून घेण्याइतकाही वेळ डॉक्टरांना मिळाला नाही, तोवर नवरा आणि वडील येऊन तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, न्यायला कोणीतरी आलं हेच खूप, नाहीतर तीही सामूहिक खड्ड्यात गेली असती. ते खड्डे म्हणजे शहराच्या टोकाला खणलेले लांबलचक चर, दफनभूमीपर्यंत जाणंच शक्य नव्हतं म्हणून प्रेतं त्यात ओळीने टाकत होते, मालोलेत्काने त्याचेही फोटो काढलेत, ते बघायला जास्त जड जातात.

आपल्याला तारखा लक्षात राहाव्यात म्हणून सांगतो, युक्रेनमधल्या सुमी शहरात अडकलेली आपली जवळपास सातशे मुलं ऑपरेशन गंगामधून ८ मार्चला बाहेर पडली, मराठी चॅनेलवर दिवसभर तेच होतं, आणि हा हल्ला त्याच्या दुसऱ्याच दिवशी झाला.

इंटरनेटच नव्हतं तर फोटो बाहेर आले कसे?

मला विचाराल तर सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो, लोक कॅमेरा कुठला लेन्स कुठली ते विचारतात. फोटो काढणं हे त्या वीस दिवसांतलं त्यातल्या त्यात सोपं काम होतं म्हटलं तरी चालेल, खरी मारामारी होती तो शहराबाहेर पाठवण्याची.

रशियाने आधी वीज तोडली, मग पाणी, अन्न, आणि मग मोबाइल टॉवर, रेडिओ, टीव्ही. शहरात नेटवर्क कुठे येतं तर बुदिवेल्निकिव अव्हेन्यूवर एका लुटलेल्या किराणा दुकानाच्या बाहेर, बाकी कुठेच नाही. मग दिवसातून एकदा तिथे गाडीने जायचं, जिन्याखाली दबून बसायचं आणि फोटो-व्हिडिओ अपलोड करायचे, जिना काही बॉम्ब अडवणार नव्हता पण उघड्यावर उभं राहण्यापेक्षा बरा. कधी हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून सिग्नल पकडायचा प्रयत्न. नंतर नंतर जवळजवळ सगळंच बंद पडलं.

९ मार्चचा माल पाठवताना एका पोलीस अधिकाऱ्याने वीज आणि नेट मिळेल अशी जागा शोधून दिली. व्हिडिओची फाइल तीन तुकड्यांत कापली, तीन वेगवेगळ्या फोनवर एकेक तुकडा लावला म्हणजे जरा लवकर जाईल, तरी कित्येक तास लागले, संचारबंदीची वेळ उलटून गेली, बाहेर तोफगोळे पडतायत आणि सोबतीला दिलेले पोलीस शांतपणे वाट बघत थांबलेत. आपल्याकडे रीळ अपलोड व्हायला दोन मिनिटं लागली की आपण राउटर बंद-चालू करतो.

चेर्नोव्हने नंतर लिहिलं की वेढ्यातल्या शहरातली माहिती तोडली की दोन गोष्टी साधतात, आतल्यांना बाहेर काय चाललंय कळत नाही म्हणून गोंधळ माजतो, आणि बाहेरच्यांना आत काय चाललंय दिसत नाही म्हणून करणाऱ्याला काहीही करता येतं. शहरात जे एक रेडिओ स्टेशन लागायचं ते रशियन होतं आणि त्यावर सांगत होते की युक्रेनी सैन्यानेच मारिउपोलला ओलीस धरलंय. हे ऐकणाऱ्या लोकांकडे तपासून बघायचा दुसरा काही मार्गच नव्हता.

तो फोटो फेक होता, बाई अॅक्टर होती असं वाचलंय, खरं काय?

वाचलं असणारच, कारण तसं सांगणारे छोटे-मोठे नव्हते. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले की हॉस्पिटल आधीच रिकामं करून तिथे अझोव बटालियन (युक्रेनी सैन्याची एक तुकडी) बसली होती. लंडनमधल्या रशियन वकिलातीने ट्वीट करून फोटो खोटे ठरवले, ती ट्वीट ट्विटरने काढून टाकली. ढिगाऱ्यातून जिन्यावरून उतरणारी दुसरी एक गरोदर मुलगी होती, ठिपक्याठिपक्यांचा पायजमा घातलेली, ती ब्यूटी ब्लॉगर होती म्हणून तिलाच अॅक्टर म्हटलं, इतकंच नाही तर दोन्ही बायका एकच आहेत असंही फिरवलं गेलं.

आता बघा, हे दोन आरोप एकमेकांनाच छेद देतात. हॉस्पिटलात सैनिक होते म्हणून मारलं, की हल्ला झालाच नाही आणि ते नाटक होतं? दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, पण फॉरवर्ड करणाऱ्याला त्याची गरज नसते.

एपीच्या टीमने यावर काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्यांनी खुलासे देत बसण्याऐवजी त्या बायका शोधल्या. जळत्या शहरातून गाडी घालून दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, तिथे ती ब्लॉगर भेटली, तिला मुलगी झाली होती, तिचे बाळासकट फोटो काढले, आणि स्ट्रेचरवरच्या बाईचं काय झालं ते तिथल्या डॉक्टरांकडून कळलं. ते पाठवायला सातव्या मजल्यावर गेले तर खिडकीतून दिसलं की झेड ही रशियन सैन्याची खूण असलेले रणगाडे एकामागोमाग एक हॉस्पिटलच्या आवाराला लागतायत. म्हणजे बातमी पक्की करायला गेले आणि कित्येक डझन डॉक्टर, शेकडो पेशंट यांच्यासकट स्वतःच वेढ्यात अडकले.

पुढे एप्रिल २०२२ मध्ये ओएससीई या युरोपीय सुरक्षा संघटनेच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला, त्यात हा हल्ला आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा उघड भंग आणि युद्धगुन्हा आहे असं स्पष्ट म्हटलंय. तरी आजही कमेंटमध्ये कोणीतरी ‘क्रायसिस अॅक्टर’ (म्हणजे संकटाचं नाटक करणारी) लिहितोच.

मग तिथून सुटले कसे?

हॉस्पिटलात सर्जननी त्यांना पांढरे कोट दिले होते, डॉक्टरांत मिसळून जावं म्हणून. १५ मार्चला पहाटे डझनभर सैनिक आत घुसले आणि शिव्या देत विचारायला लागले की ते पत्रकार कुठेयत. यांनी दंडावरच्या पट्ट्या बघितल्या, निळ्या म्हणजे युक्रेनी, पण कोणी वेषांतर करून आलं असेल तर काय घ्या. शेवटी पुढे झाले. ते युक्रेनीच निघाले, यांना बाहेर काढायलाच पाठवलेले. गोळीबारात पळत तिथून निघाले, मागे राहिलेल्या डॉक्टरांना नीट निरोपही देता आला नाही.

एवढा आटापिटा का, तर त्या आधीच्या पोलीस अधिकाऱ्याने नंतर सांगितलं: तुम्ही रशियनांच्या हाती लागला असतात तर तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवून वदवून घेतलं असतं की शूट केलेलं सगळं खोटं आहे.

त्याच दिवशी तीन जणांच्या एका कुटुंबाबरोबर एका ह्युंदाईत कोंबून बसले, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची पाच किलोमीटर रांग, त्या दिवशी साधारण तीस हजार लोक बाहेर पडले. इतकी गर्दी की खिडक्यांना काचेच्या जागी प्लास्टिकचे कागद फडफडणाऱ्या गाड्यांत नीट डोकावून बघायला रशियन सैनिकांना वेळ नव्हता, तेच पथ्यावर पडलं. रशियन चेकपोस्ट पंधरा. प्रत्येक चेकपोस्टला पुढच्या सीटवरची आई मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायची. सोळाव्या चेकपोस्टला युक्रेनी बोलणं कानावर आलं.

हे निघाले आणि शहरात एकही आंतरराष्ट्रीय पत्रकार उरला नाही. दुसऱ्याच दिवशी, १६ मार्चला, ड्रामा थिएटरवर बॉम्ब पडला, आत शेकडो लोक आसऱ्याला होते. त्या क्षणाचे असे फोटो जगाकडे नाहीत. एपीने नंतर वाचलेल्यांशी बोलून, इमारतीचा नकाशा मांडून हिशोब केला तर मृतांचा आकडा सहाशेच्या जवळपास निघाला. कॅमेरा असता तर एका दिवसात जे कळलं असतं त्याला काही आठवडे लागले.

मेमरी कार्डाचा काहीतरी किस्सा आहे ना?

आहे. युलिया पायेव्स्का ऊर्फ तायरा, युक्रेनमध्ये प्रसिद्ध असलेली पॅरामेडिक, तिच्या अंगावर बॉडी कॅमेरा असायचा आणि त्यात जखमींवर उपचार करतानाचं २५६ जीबीचं रेकॉर्डिंग होतं, युक्रेनी जखमी आणि रशियन जखमी दोन्ही. नखाएवढं कार्ड, ते तिने एपीच्या टीमकडे दिलं आणि त्यांनी ते टॅम्पॉनच्या आत लपवून त्या पंधरा चेकपोस्टमधून बाहेर काढलं. १६ मार्चला तायरा पकडली गेली, १७ जूनला सुटली. रशियन टीव्ही तिला राक्षसीण ठरवत होता आणि इकडे ती शत्रूच्या सैनिकाच्या अंगावर पांघरूण घालताना जगाने पाहिलं.

फोटो काढत बसण्यापेक्षा मदत का नाही केली?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, मनात येतोच. पण तिथले डॉक्टर काय म्हणत होते ते बघा. २७ फेब्रुवारीला एका लहान मुलीला आणलं, शार्पनेल म्हणजे गोळ्याचे उडालेले तुकडे लागलेले, पायजम्यावर युनिकॉर्नची चित्रं. डॉक्टर तिला वाचवायची शिकस्त करतायत आणि त्यातलाच एक कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की हे पुतिनला दाखवा. ती वाचली नाही. डॉक्टरच त्यांना म्हणत होते शूट करा, जनरेटरवर जेमतेम चालणाऱ्या हॉस्पिटलात कॅमेरा चार्ज करायला वीज देत होते, कारण शहरात काय चाललंय हे बाहेर कोणालाच माहीत नव्हतं. अर्थात सगळेच असे नव्हते, लोकांच्या शिव्याही त्यांनी खाल्ल्या. ज्याचं माणूस समोर मेलंय त्याला तुमचा कॅमेरा नको वाटणं यात चूक काय.

युक्रेनचाच माणूस, मग एकतर्फी नाही का?

भावना असणारच, त्याचं स्वतःचं बेर्द्यान्स्क मारिउपोलपासून गाडीने फार लांब नाही आणि ते फेब्रुवारी २०२२ संपायच्या आतच रशियाच्या ताब्यात गेलंय. पण निःपक्षपाती असणं म्हणजे भावना नसणं नव्हे, आपण सांगतोय ते दुसऱ्याला तपासता येईल असं सांगणं. तारीख, वेळ, जागा, सोबत व्हिडिओ, वाचलेल्यांची नावं, डॉक्टरांची साक्ष. यातलं काय खोटं आहे ते सांगा, मग बोलू.

अवॉर्ड कुठली मिळाली?

२०२२ चा व्हिसा दोर न्यूज (फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या फोटो-पत्रकारिता महोत्सवाचा), २०२३ चा वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर (त्या स्ट्रेचरच्या फोटोलाच), आणि २०२३ मध्ये पुलित्झर या अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या मोठ्या पुरस्कारांपैकी दोनमध्ये वाटा, एक पब्लिक सर्व्हिससाठी वरच्या चौघांच्या कामाला, दुसरं ब्रेकिंग न्यूज फोटोग्राफीसाठी एपीच्या फोटोग्राफरांच्या टीमला. शिवाय चेर्नोव्हची ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ ही डॉक्युमेंटरी, तिला मार्च २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं, युक्रेनचं पहिलंच. स्टेजवर चेर्नोव्ह म्हणाला की ही फिल्म मला कधी बनवावीच लागली नसती तर बरं झालं असतं.

मारिउपोलच्या अझोव्स्ताल पोलाद कारखान्यात शेवटपर्यंत लढलेल्या युक्रेनी सैनिकांचे ते उजेडाच्या झोतातले फोटोही याचेच का?

नाही, ते द्मित्रो कोझात्स्कीचे, टोपणनाव ओरेस्त. तो पत्रकार नव्हता, सैनिक होता, अझोव रेजिमेंटचा, तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. मे २०२२ मध्ये शरण जायच्या आधी त्याने सगळे फोटो नेटवर खुले करून टाकले, कोणीही घ्या म्हणून, आणि सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. फोटो जबरदस्तच आहेत, पण एका बाजूच्या गणवेशातल्या माणसाने काढलेले आहेत हे बघताना डोक्यात ठेवायचं.

या कामात किती धोका आहे खरंच?

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा कराराच्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ७९ म्हणतं की युद्धक्षेत्रातला पत्रकार हा नागरिक, त्याला मारायचं नाही. कागदावर. माक्स लेव्हिन हा युक्रेनी फोटोग्राफर मार्च २०२२ मध्ये कीवच्या उत्तरेला जंगलात मारला गेला, रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जागेवर जाऊन तपास केला आणि तो चकमकीत सापडून नाही तर पकडून ठार मारला गेल्याचा निष्कर्ष काढला. २४ वर्षांची ओलेक्सांद्रा कुवशिनोव्हा परदेशी चॅनेलबरोबर काम करताना त्याच महिन्यात मारली गेली. व्हिक्टोरिया रोशचिना ही युक्रेनी पत्रकार रशियाच्या कैदेत मेली, वय २७. आणि आता तर ड्रोन आलेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये डोनबासमध्ये आंतोनी लालिकान हा फ्रेंच फोटोग्राफर एफपीव्ही ड्रोनने (त्यावरच्या कॅमेऱ्यातून बघत चालवायचा ड्रोन) मारला गेला. तोफगोळा कोणावर पडेल ते सोडणाऱ्यालाही माहीत नसतं, पण या ड्रोनच्या मागे स्क्रीनवर तुम्हाला बघत बसलेला माणूस असतो.

आपल्याला यातलं जवळचं नाव फोटोग्राफर दानिश सिद्दीकी, रॉयटर्स या न्यूज एजन्सीसाठी मुंबईतही बरीच वर्षं काम केलेला, जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला मारला गेला.

मारिउपोलनंतर त्याने काय केलं?

थांबला नाही. जुलै २०२२ मध्ये खारकीवला बसस्टॉपवर गोळा पडून तेरा वर्षांचा मुलगा मेला, त्याचा बाप प्रेताशेजारी गुडघ्यावर बसून त्याचा हात हातात धरून प्रार्थना म्हणतोय, तो फोटो याचाच. मारिउपोल रशियाच्या ताब्यात गेलं, तिथे परत जाता येत नाही, पण एपीने लांबूनही त्या शहराचा पिच्छा सोडला नाही, डिसेंबर २०२२ मध्ये सॅटेलाइट फोटोंवरून मोजून दाखवलं की तिथे दहा हजार तीनशेहून जास्त नव्या कबरी झाल्यात.

मला असं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

युद्धापासून नको. आधी स्वतःच्या जिल्ह्यात पूर, मोर्चा, निवडणूक असं काहीतरी सलग दोन-तीन वर्षं कव्हर करा, कॅप्शन अचूक लिहायची सवय लावा (कोण, कुठे, कधी, आणि हे कळलं कोणाकडून), टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) बांधणं शिकवणारा प्रथमोपचाराचा कोर्स करा. युक्रेनमध्ये उठून कोणालाही आघाडीवर जाता येत नाही, सैन्याचं अॅक्रेडिटेशन म्हणजे पत्रकार म्हणून अधिकृत मान्यता लागते, आणि २०२३ मध्ये भाग लाल, पिवळा, हिरवा असे वाटले, तेव्हाच्या नियमात लाल भागात पत्रकारांना बंदी होती, पिवळ्यात सैन्याचा माणूस बरोबर.

त्याचे फोटो दिवाळी अंकात किंवा यूट्यूबवर वापरले तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. हक्क एपीकडे आहेत, त्यांच्या साइटवरून रीतसर लायसन्स विकत घ्यावं लागतं. ‘साभार इंटरनेट’ लिहिलं म्हणजे झालं असं नसतं. लिंक द्यायला मात्र कोणाची ना नाही, आणि लिंक देताना खाली फोटोग्राफरचं नाव, तारीख आणि मूळ कॅप्शन पूर्ण द्या, कापून नको.